नवी पेठेतलं मोठं दुकान : कामाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

इमारतीच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं, आज किल्ल्यांचा जुडगा हातात आला. सतरा किल्ल्या, त्यांतल्या नऊ कुठल्याच कुलुपाला लागत नाहीत.

सोलापूरच्या नवी पेठेत 'मोठं दुकान' म्हटलं की लोक लगेच बोट दाखवतात. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर चुन्यात उठवलेलं 'शके १८५६' अजून वाचता येतं, म्हणजे १९३४-३५ साल. तळमजला आणि वर दोन मजले. एकाच छताखाली साड्या, सुटाचं कापड, टोप्या, छत्र्या, चपला, काचसामान, खेळणी. प्रत्येक मालाचं खातं वेगळं, सेल्समन वेगळा. आता डिपार्टमेंटल स्टोअर म्हणतात तेच, गिरण्यांच्या गावाला परवडेल अशा मापाचं.

सध्या तळमजल्यावर मोबाइलच्या दुकानांचे चार गाळे, रिकामे. पहिल्या मजल्यावर आधी टायपिंग इन्स्टिट्यूट होती, नंतर क्लास आले. त्यांच्या प्लायवूडच्या खोल्या उभ्या आहेत. दुसरा मजला म्हणजे चादरींचं गोडाऊन होतं. मालकांना खाली चादरी-टॉवेलांचं दालन करायचंय आणि वर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका. त्यांनी एकच मागणं केलं, "मॅडम, आमच्या आजोबांच्या वेळेला होतं तसं करून द्या." मी हो म्हणाले.

५ डिसेंबर

दिवसभर मापं. दोघी विद्यार्थिनी सोबत होत्या, एकीनं टेप धरायचा आणि दुसरीनं लिहायचं. खांब बिडाचे, आतून पोकळ, वाजवले की घंटेसारखे बोलतात. त्यांच्यावर पोलादी गर्डर, गर्डरवर सागवानी वासे. एका गर्डरच्या पोटावर 'डोरमन लाँग' अशी अक्षरं उठलेली सापडली, म्हणजे माल इंग्लंडच्या मिडल्सबरोचा. सोलापूरला रेल्वे १८६० मध्येच आली होती, त्यामुळे असं वजनदार लोखंड इथवर येणं अवघड नव्हतं. फरशी अर्थातच शहाबादी. ती तर याच रुळांवरून, वाडीच्या अलीकडून आलेली.

खणाची लांबी ४.६ मीटर. दुसऱ्या मजल्यावर दोरी ताणून पाहिली तर मधल्या दोन खणांत ३४ मिलिमीटर झोल निघाला. लांबीला ३६० नं भागायचा नेहमीचा हिशोब लावला तर १३ मिलिमीटरच्या आत असायला हवा. गोडाऊनचा माल मध्येच रचत असणार. लाकडावर ओझं वर्षानुवर्षं राहिलं की ते हळूहळू बसत जातं, आणि ओझं उतरवल्यावरही पुरतं सरळ होत नाही. वासे कुठं किडलेत का ते पाहायचंय.

९ डिसेंबर

पहिल्या मजल्यावर भिंतीचे थर काढून पाहिले. ब्लेडनं एकेक थर सोलत गेलो, पायऱ्यांसारखा. वरून खाली: क्लासचा पांढरा प्लास्टिक पेंट, त्याखाली पिवळट डिस्टेंपर दोनदा, मग ऑइल पेंटचा हिरवा पट्टा, मग निळीचा चुना तीन-चार हात, आणि तळाशी मूळ चुन्याचा गिलावा, गुळगुळीत घोटलेला. निळीच्या थराखाली अचानक काळ्या रंगाची रेघ लागली. सावकाश मोठं करत गेलो तर 'टोप्या' असा शब्द निघाला. त्याच्या खाली तेच तेलुगूत, त्याखाली कानडीत.

पूर्व भागातला तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर, अक्कलकोट रस्त्यानं आलेला कानडी शेतकरी आणि पेठेतला मराठी कारकून, तिघांनाही आपापल्या अक्षरांत टोपी विकणारं दुकान. सोलापूर ज्यांना कळतं त्यांना यात नवल वाटणार नाही. पण नव्वद वर्षांपूर्वी कुणी रंगाऱ्यानं शिडीवर उभं राहून तीन लिप्यांतली अक्षरं एका रुंदीत बसवली, ती रंगाऱ्याच्या हातची बघताना मी बराच वेळ तिथून हलले नाही.

११ डिसेंबर

नुकसान झालं. मी बाजार समितीकडच्या दुसऱ्या कामावर गेले होते, तेवढ्यात एका मजुरानं पलीकडच्या खणात पॉलिशचं मशीन फिरवलं. 'छत्र्या' मधलं 'छ' आणि अर्धा 'त्र्या' गेला. दोष त्याचा नाही. भिंतीवर खूण करायची, चिकटपट्टी लावायची, मिस्त्रींना सांगायचं, हे मी केलं नव्हतं. आजपासून ज्या भिंतीवर लाल फीत आहे तिला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. गेलेली अक्षरं परत रंगवायची नाहीत, हेही आजच लिहून ठेवते.

१६ डिसेंबर

तळमजल्याच्या छताला लोखंडी हूक आहेत. पंख्याचे समजून नकाशात तशी नोंद केली होती. पण पंख्याचा हूक खणाच्या मध्यावर असतो, हे तर तिरक्या रांगेत आहेत. विद्यार्थिनींनी ते कागदावर जोडले तेव्हा सगळ्या रेघा एकाच ठिकाणी जमल्या: जिन्याच्या बाजूच्या पोटमाळ्यावर.

संध्याकाळी दुकानात सेल्समन राहिलेले एक काका आले, मालकांनी निरोप दिला होता. वय ब्याऐंशी. दारातूनच विचारलं, "काय शोधूलालाव मॅडम?" मी वर बोट दाखवलं. "ते होय, पैशाच्या तारा."

ते सांगत गेले तसं मी लिहीत गेले. सेल्समननं स्वतः गल्ला ठेवायचा नाही. बिल आणि पैसे लाकडी डबीत घालायचे, डबी तारेवरच्या चाकांना अडकवायची आणि दांडा खेचून सोडायची. ती डोक्यांवरून सणसणत पोटमाळ्यावरच्या कॅशियरकडे जायची. तो शिक्का मारून सुटे पैसे घालून परत पाठवायचा. अमेरिकेत १८८० च्या दशकात निघालेली ही युक्ती, जगभरच्या मोठ्या दुकानांत पसरली होती. आठ-दहा खाती आणि भरवशाचा माणूस एकच, तर पैसा त्याच्यापाशी आणायचा कसा, याचं ते उत्तर. काका लागले तेव्हा दोनच तारा चालू होत्या. "पोरं तारच बघायला यायची. आई कापड घेईस्तोवर पोरगं मान वर करून गप."

काका १९५७ साली लागले, पंधराव्या वर्षी. त्याच वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, इथवर ठीक. एका आण्याचे सव्वासहा होतात आणि पाव पैसा तर पाडलेलाच नाही, त्यामुळे सहा द्यायचे की सात यावरून रोज वाद. त्यांचं पहिलं काम म्हणजे काउंटरवर टांगलेला तक्ता गिऱ्हाइकाला वाचून दाखवणं.

जाताना त्यांनी मला काउंटरपाशी नेलं. धुळीनं काळी झालेली पितळी पट्टी अंगठ्यानं पुसली. ही दुकानाची वाराची पट्टी, ३६ इंच, दर चार इंचांवर एक खोल खाच, लाकडात बसवलेली. आणि तिच्या टोकाला, किंचित फिक्या पितळेचा, दोन स्क्रूंनी मारलेला आखूड तुकडा. मी मोजला: ८६ मिलिमीटर. वाराचा मीटर झाला तेव्हा पट्टी बदलण्याऐवजी तिला एवढा तुकडा जोडला. जुन्या भागावरच्या खाचा बोटांनी आणि कापडानं घासून जवळजवळ सपाट झाल्यात, नव्या तुकड्याची कड अजून बोटाला लागते.

२३ डिसेंबर

पोटमाळ्यावर लाल कापडी बांधणीच्या वह्या: कीर्द, खतावण्या, उधारीची स्वतंत्र वही. आधीच्या मोडीत, नंतरच्या बाळबोध. मोडी मला अडखळत वाचता येते, तेवढ्यावर दोन दिवस काढले.

उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे गिरणीतलं खातं लिहिलंय: साचाखातं, रंगखातं, कांडी. दिवाळीच्या आधी बोनस झाला की पानंच्या पानं खोडलेली, म्हणजे चुकती. १९४९ च्या वहीत मात्र दिवाळी आली तरी रेघा नाहीत. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, बंद पडली होती. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली, आणि त्याविरुद्धचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. समानतेच्या हक्कावरचा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. इथं त्याच वर्षाची बाजू अशी आहे की दुकानानं उधार बंद केलं नाही. पानामागून पान तीच नावं, रकमा लहान लहान: एक लुगडं, दोन वार मांजरपाट, लहान मुलाचा सदरा. किती वसूल झाली ते वहीवरून लागत नाही.

वह्या वाळवी लागायच्या आत खाली आणल्या. कापडात बांधून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवल्यात.

३० डिसेंबर

बोळाच्या बाजूच्या भिंतीत एक खिडकी आहे, दोन फूट बाय दीड, कंबरेच्या उंचीवर. मूळ बांधकामातली नाही. कमान नाही, वर नुसता लाकडी कडेपाट आणि विटा फोडून काढलेल्या. काकांना फोन केला. ही रेशनच्या कापडाची. त्यांच्या आधीची, पण जुने सेल्समन सांगायचे. महायुद्धात, १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, गिरणीतूनच ठाणावर किंमत छापून येऊ लागली. त्या कापडाची रांग दुकानात न घेता बोळात लावायची म्हणून भिंत फोडली. उंबऱ्याचा दगड मध्यभागी वाटीसारखा झिजलाय.

स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या नकाशात ही खिडकी 'बुजवणे' अशी आहे. भिंत पंधरा इंची आहे, कडेपाट बदलला तर खिडकी राहू शकते, असं त्यांना कळवलं.

१४ जानेवारी २०२५

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, सुरू. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी सगळी माणसं गेलेली, काम बंद. पांढरी बाराबंदी घालून मिस्त्री सकाळी हात जोडून गेले. एकटी बसून आतापर्यंतचं मांडलं.

'आजोबांच्या वेळेला होतं तसं.' १९३५ ला परत जायचं, तर रेशनची खिडकी बुजवावी लागेल आणि पट्टीच्या टोकाचा तुकडा काढावा लागेल. १९५७ धरलं, तर टायपिंगच्या खोल्या जातील. प्रत्येक वेळी पुढचं सगळं पुसूनच मागे जाता येतं. आणि पुसायचं तरी काय? गिरण्या चालू होत्या तोवर इथं टोप्या आणि छत्र्या विकल्या गेल्या. त्या थकल्या आणि शेवटी बंद पडल्या, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पूर्व भागातल्या यंत्रमागांची चादर येऊन बसली. तीच सोलापुरी चादर, जिला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गिरणीत नोकरी मिळणार नाही हे कळल्यावर कामगारांची मुलं पहिल्या मजल्यावर टायपिंग शिकायला आली, तीस शब्दांची परीक्षा, मग चाळीसची. या शहराच्या हातात पैसा कसा आला आणि कसा गेला, ते या एका जिन्यावर चढउतार करत वाचता येतं.

बाहेरची उदाहरणंही पाहिली. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर व्हाइटवे लेडलॉची गोऱ्या साहेबांसाठीची पेढी होती. तिथंच पुढं खादी भांडार आलं. विलायती कापडाच्या दुकानात खादी, याहून मोठा पालट कुठला, आणि तो करताना इमारत पाडावी लागली नाही. काळा घोड्याच्या आर्मी अँड नेव्ही इमारतीत परत कपड्यांचंच दुकान आलं. आपल्याकडं इंद्रभुवन: वारदांचा राहता वाडा, पुढं महापालिकेची कचेरी. मोठमोठी दालनं, भरपूर उजेड, मध्ये भिंती कमी. अशा जागेत पुढच्या माणसाला आपलं काहीतरी मांडता येतं.

२७ जानेवारी

मालकांशी बैठक, अडीच तास. सुरुवातीला ते नाराज होते. "प्लायवूड ठेवायचं म्हणजे काय मॅडम? लोक हसतील." मी त्यांना वही दाखवली, मग पट्टी, मग बोळातला दगड. पट्टीवर त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. लहानपणी तिथं बसून शाळेचा डबा खाल्लेला आठवला त्यांना.

मग त्यांनीच भाडेकरूंचं काढलं. वाटण्या झाल्यावर दोन भावांनी आपापले मजले भाड्यानं दिले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडं वाढवता येत नव्हतं, माणूस काढता येत नव्हता. दुरुस्तीला पैसे नव्हते, गळती वाढत गेली. घरात या कायद्याबद्दल कुणी चांगलं बोललं नाही. मला मात्र असंही वाटतं की शेजारच्या दोन इमारती पाडून कॉम्प्लेक्स झाले तेव्हा ही उभी राहिली ती त्याच अडकलेपणामुळं. हे मी त्यांच्यासमोर बोलले, आणि ते मान हलवत हसले.

ठरलं ते असं. खिडकी राहील. पट्टी आहे तशी, तुकड्यासकट. तिन्ही लिप्यांतली अक्षरं उघडी, पुसलेला 'छ' पुसलेलाच. टायपिंगच्या खोल्यांपैकी एका खणातलं सागवानी पार्टिशन आणि त्यावरचा 'शांतता राखा' फलक राहील, बाकीचं उतरवायचं. क्लासचं प्लायवूड जाईल. ते ओलाव्यानं फुगलंय, तिथं ठेवण्यासारखं काही नाही. मोबाइलच्या गाळ्यांचे विटांचे आडोसे गर्डरवर नको असलेला भार टाकतात, तेही जातील.

१० फेब्रुवारी

माथ्यावरचा चौक. जिन्याच्या वर मूळचा काचेचा कौलारू डोंब (उजेड-वाऱ्यासाठी उचललेलं छप्पर) होता, चारी बाजूंनी झडपांचा. गोडाऊनच्या काळात त्यावर सिमेंटचे पत्रे टाकून बंद केलं. पत्रे ॲस्बेस्टॉसचे, म्हणून फोडायचे नाहीत, ओले करून, हूक कापून, अखंड उतरवायचे, मास्क सगळ्यांना. दिवसाला आठच पत्रे निघाले. मुकादमाला हा वेग पटत नाही. त्याला समजावलं, नंतर तोही मास्क लावून आला.

३ मार्च

चुना. सिमेंटनं केलेल्या जुन्या डागडुजीखाली सगळीकडं लोणा लागलेला: ओल भिंतीतून बाहेर पडायला वाट नाही म्हणून क्षार आतच फुटतात. तो गिलावा काढून भिंत मोकळी सोडली. कळीचा चुना टाकीत विरवून ठेवलाय, महिनाभर पाण्याखाली राहील. हिरड्याचं पाणी आणि गूळ मिस्त्रींच्या वडिलांच्या मापानं. मापाचा डबा त्यांनी घरून आणला, तुपाचा जुना.

वासे: किडलेले सहा, बदलायचे. झोल गेलेले दोन खण मात्र बदलत नाही, खालून पोलादी चॅनेल जोडतोय. झोल तसाच दिसेल.

२१ एप्रिल

बाहेर ४२. डोंबाच्या झडपा बसल्या. दुपारी तीनला पहिल्या मजल्यावर झडपा बंद असताना ३९, उघड्या ठेवल्यावर तासाभरात ३६. गरम हवा जिन्यातून वर चढून निघून जाते, बोळाच्या बाजूनं सावलीतली हवा आत येते. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. रेशनची खिडकीही या कामी येते, हे आज कळलं. अभ्यासिकेची टेबलं उत्तरेच्या उजेडाला लावायची.

२७ मे

मे महिन्यातच पाऊस, तोही धो-धो. माथ्यावर दोन ठिकाणी गळलं, दोन्ही नव्या जोडावर. जुन्या गच्चीच्या चुन्यातून थेंब नाही. काळ्या मातीवरचं गाव. नळी फुटून पाया भिजला तर माती फुगते आणि भिंत चिरते, म्हणून आधी पन्हळ आणि गटार पुरं करून घेतलं. बाकी काम आठवडा मागे.

१६ जून

पहिल्या मजल्याची शेवटची खोली उतरवली, टायपिंगच्या मास्तरांचं ऑफिस. त्याला खालून कार्डबोर्डचं छत मारलेलं होतं, आणि ते तळमजल्याच्या उंच भागाच्या, म्हणजे पोटमाळ्याच्या बरोबर वर येतं. अकरा हूक मिळाले होते, रांगेत एक कमी पडत होता. बारावा कुठंतरी तुटून गेला असं नकाशात लिहिलं होतं.

छताचा तुकडा खाली घेतला तेव्हा फळ्यांच्या फटीत तो सापडला. टायपिंगवाल्यांनी छत मारलं म्हणून तो कुणी काढला नाही, रंगवलाही नाही. त्याला अजून तारेचा हातभर तुकडा पिळलेला आहे. काकांना फोन लावला, ते रिक्षानं आले, जिना चढवत नव्हता म्हणून खालीच खुर्ची टाकली. टॉर्च वर धरला.

"हीच," ते म्हणाले, "ही साड्यांच्या काउंटरची."

क्रमांक १२, तारेसह, आहे तसाच ठेवला. फोटो काढले. नकाशातली नोंद दुरुस्त केली.